परकराची नाडी आणि कमरेचा व्रण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे आमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांना माझ्याकडून जुन्या चिपळुणातील हळदीकुंकवाच्या आठवणी हव्या असाव्यात. मी विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "लिहा, पण जरा जपून लिहा हो." विषय संकोचाचा आहे खरा. तो आपल्या कमरेचा आहे, आणि कमरेविषयी आपण बायका आपसातही फारसे बोलत नाही.

परकराची नाडी जेथे बसते तेथे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या अंगावर एक काळसर पट्टा असतो. उन्हाळ्यात तेथे खाज सुटते, पावसाळ्यात कातडी सोलवटते, थंडीत बरे वाटते. स्नानाच्या वेळी त्यावर खोबरेल चोळायचे आणि पुन्हा त्याच जागी नाडी आवळायची, हा आपला नित्यक्रम. मीही पन्नास वर्षे हेच केले. शेकडा नव्याण्णव जणींच्या बाबतीत त्या पट्ट्याचे पुढे काही होतही नाही. परंतु मी एकीचे झालेले पाहिले आहे.

१९७१ साली मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हा आमच्या आतेसासूबाई साठीच्या घरात होत्या. लहानपणीच वैधव्य येऊन त्या माहेरी परतलेल्या. गोठा, खळे, परसू, सारे त्यांच्या हाती. लुगडे नेसायच्या ते घोट्याच्या बरेच वर, आणि कमरेला गाठ अशी आवळायच्या की पाहणारीचा श्वास कोंडावा. "गाठ घट्ट बसल्याशिवाय अंगात जोर येत नाही गो," असे म्हणायच्या. लावणीच्या दिवसांत तेच ओले लुगडे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगावर. त्यांच्या उजव्या कुशीला एक जखम होती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. किती दिवसांची, हे त्यांनी शेवटपर्यंत नीट सांगितले नाही. तूप, आंबेहळद, कोणी दिलेला लेप, असे त्या स्वतःच करीत राहिल्या. १९७४ च्या भाद्रपदात मी त्यांचे लुगडे धुवायला घेतले, तेव्हा त्यावरचा डाग आणि वास यांवरून मला कळले. तोवर जांघेत अवधाण आले होते. त्या वेळी कोकण रेल्वे नव्हती, रात्रभर एस.टी.त बसून आम्ही त्यांना मुंबईला नेले. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि कातडीचा कर्करोग असल्याचे सांगितले. "दोन वर्षांपूर्वी आणायला हवे होते," एवढेच ते म्हणाले. फाल्गुनात आत्या गेल्या.

कमरेला कर्करोग कसा होईल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. पुढे मुलगी वैद्यकीला गेल्यावर तिच्या पुस्तकांतून आणि तिच्याकडे मागून घेतलेल्या लेखांतून मी जे वाचले, ते येथे सांगते.

माणसाच्या सवयीमुळे कर्करोग होतो ही गोष्ट जगाला पहिल्यांदा कातडीनेच शिकविली. १७७५ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी झाडणाऱ्या पोरांविषयी लिहिले. ही गरिबांची मुले लहान वयात धुराड्यांत उतरत, काजळी त्यांच्या अंगाच्या घड्यांत साचून राही, आणि मोठेपणी त्यांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होई. काजळीचा आणि रोगाचा संबंध पॉट यांनी जोडला. त्यानंतर १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून प्रयोगशाळेत तसाच कर्करोग उत्पन्न करून दाखविला. ससे बिचारे! परंतु रोज थोडे थोडे चोळल्याने कातडीचे काय होते, याचा पुरावा त्यांच्या कानांनी दिला.

आपल्या देशातले पहिले उदाहरण काश्मीरचे. तेथे थंडीत लोक अंगरख्याखाली विस्तवाची कांगडी धरून बसतात. श्रीनगरला गेलेले डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ साली लिहिले की, तेथील लोकांना पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि तो जेथे कांगडी टेकते नेमका तेथेच होतो. रोजच्या शेकाने कातडीवर आधी तांबूस तपकिरी जाळी उठते. अशीच जाळी चुलीसमोर तासन् तास बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर मी स्वतः पाहिली आहे. गॅस आल्यापासून ती क्वचितच दिसते.

आता मुंबईकडे येते, कारण आपल्या कमरेची गोष्ट तेथे सुरू होते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. त्या दुःखातून या इस्पितळाची कल्पना निघाली. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर आले. त्यांचा जन्म १८९५ साली क्वेट्ट्याला झाला, पण आडनाव आपल्या तळकोकणातल्या खानोलीचे. लंडनला विकृतिशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या या गृहस्थांची खोड अशी की, रोग्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबत नसत. तो माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याचीही विचारपूस करीत. मला या माणसाविषयी जो आदर वाटतो तो यासाठी. जातीजातींच्या चालीरीतींत रोगाचे मूळ शोधायचे तर माणसांशी बोलावे लागते, आणि पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना त्याचा कंटाळा असतो.

१९४५ साली डॉ. खानोलकर आणि बी. सूर्यबाई यांनी अमेरिकेतील एका विकृतिशास्त्राच्या मासिकात लेख लिहिला. चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगाचे भारतातील तीन नवे प्रकार, असा त्याचा विषय. त्यांतला एक धोतराचा कर्करोग. धोतराची कड कमरेला जेथे आवळून बसते, तेथे वर्षानुवर्षे घर्षण होऊन कातडी जाड व काळी होते, तिला चिरा पडतात, जखम होते, ती भरत नाही, आणि काही थोड्यांच्या बाबतीत त्या जखमेत कर्करोग उद्भवतो.

धोतर आणि लुगडे यांत या बाबतीत काय फरक? गाठ दोघांनाही. उलट नऊवारी लुगडे नेसताना कमरेला जो पीळ आवळतात तो धोतरापेक्षा घट्टच असेल. असे असून शास्त्राच्या पुस्तकात नाव आले ते धोतराचे. 'साडी कर्करोग' या नावाचा जो लेख मला मिळाला तो 'बॉम्बे हॉस्पिटल जर्नल'मधला, २००५ सालचा. मध्ये साठ वर्षे गेली! त्या साठ वर्षांत आपल्या कमरांना काही होत नव्हते असे थोडेच आहे. माझा तर्क असा की, पुरुष उघड्या अंगाने अंगणात वावरत, त्यांची कमर चारचौघांना दिसे. बायकांची कमर डॉक्टरांनाच काय, त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही दिसत नसे. आमच्या आत्यांचेच पाहा.

त्या साठ वर्षांत आपले नेसणेही बदलले. आमच्या आजीच्या पिढीने नऊवारी सोडली नाही. आईच्या पिढीने गोल पाचवारी घेतली, तेव्हा केवढा गहजब झाला असे ती सांगे. गोल पातळाबरोबर परकर आला आणि परकराबरोबर नाडी आली. लुगड्याचा पीळ निदान चार बोटे रुंद असे. नाडी म्हणजे सुतळीएवढी, आणि साडीच्या साऱ्या निऱ्यांचा भार तिच्यावर. तेव्हा सुधारणा झाली ती पायांची झाली, चालणे मोकळे झाले; कमरेच्या वाट्याला मात्र अधिक बारीक दोरी आली.

२०२४ साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय मासिकात वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन बायकांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि ती जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलली. पहिली सत्तर वर्षांची. नऊवारीखाली परकर घट्ट बांधण्याची तिची सवय; उजव्या कुशीवरची जखम अठरा महिने भरली नव्हती. दुसरी साठीच्या उतरणीला. परकराशिवाय लुगडे आवळून नेसण्यात तिची चाळीस वर्षे गेली होती. तिच्याही उजव्या कुशीला दोन वर्षांची जखम, आणि रोग जांघेतल्या एका गाठीपर्यंत गेलेला. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला. पन्नास वर्षांपूर्वीच्या आमच्या आत्या, तीच बाजू, तीच जांघ. दोष साडीचा नसून आवळण्याचा आहे, असे त्या डॉक्टरांनी स्पष्ट म्हटले आहे. म्हणून साडीच वाईट अशी जी ओरड काही वर्तमानपत्रांनी केली ती मला पटली नाही.

असे का होते, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. आपली कातडी वरून सतत झिजते आणि खालून नवी होते. एकाच जागी रोज घासले की ती जागा स्वतःला वाचविण्यासाठी जाड होते आणि तेथे काळा रंग साचतो. हा झाला तो पट्टा. त्यात घाम, त्यात आपली दमट हवा. मग खाज, मग नखे, मग चिरा. जखम भरते न भरते तोच दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तेथेच. पेशी वर्षानुवर्षे दुरुस्तीच करीत राहतात आणि एखादे वेळी त्या दुरुस्तीत चूक होऊन पेशी बेबंद वाढू लागतात. जुन्या भाजल्याच्या वणातही असेच होऊ शकते. फ्रेंच शस्त्रवैद्य मार्जोलँ यांनी १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मार्जोलँचा व्रण म्हणतात. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या ज्या भगिनी आपल्यात आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावे. वीस-तीस वर्षांनी जुना वण फुटला आणि भरेना, तर तो दाखवावा.

मात्र कमरेवरचे सगळेच दुखणे हे नव्हे. गोल चट्टा, कड उठलेली, मधे निवळलेला आणि भयंकर खाज, असे असेल तर ते बहुधा गजकर्ण. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आपण कितीतरी दिवस ओल्या कपड्यांनिशी चिखल उपसत होतो. त्यानंतर पायांना चिखल्या आणि कमरेला गजकर्ण असे आमच्या आळीत अनेकींना झाले. नाडीच्या जागी कातडी पांढुरकी झाली तर लगेच कोड म्हणून घाबरतात. ते घर्षणानेही होऊ शकते. या साऱ्यांवर आपला उपाय एकच असतो, औषधाच्या दुकानातून शेजारणीने सांगितलेली ट्यूब आणायची! अशा कितीतरी ट्यूबांत स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, कातडी उजळते, बाई खूश होते. आणि गजकर्ण आत पसरत राहते, कातडी पापुद्र्यासारखी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, ट्यूबाही मिळतात. असो.

आता निदानाचे. आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की, कर्करोगाला सुरी लागली की तो पसरतो. आत्यांच्या वेळी हे मी दहा तोंडांनी ऐकले. मुंबईला नेऊ नका, तुकडा काढू देऊ नका, हात लावला की भडकेल. आत्या तशाच गेल्या, आणि "बघा, सुरी लावली म्हणून गेल्या," असे म्हणणारेही निघाले. रोग जांघेत तुकडा काढण्यापूर्वीच पोचला होता, हे कोणी विचारात घेतले नाही.

तुकडा काढून तपासण्याला बायॉप्सी म्हणतात. हा शब्द १८७९ साली फ्रान्सच्या एर्नेस्त बेनिए यांनी रूढ केला, आणि ते कातडीचेच डॉक्टर होते. १८८७ साली न्यूयॉर्कच्या डॉ. कीज यांनी त्यासाठी एक छोटी गोल नळी काढली. करंजीच्या कडा कापतो तशी ती फिरवून हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा घेतात. जागा आधी बधिर करतात. टोचते ती त्या सुईची, पुढचे कळत नाही. मग तो तुकडा मेणात बसवून त्याचे पापुद्रे काढतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सूज, गजकर्ण की कर्करोग, हे तेथे बहुतेक वेळा स्पष्ट होते. आता कातडीच्या डॉक्टरांकडे प्रकाश असलेले एक भिंगही असते, डर्मोस्कोप म्हणतात त्याला; ते नुसते टेकवून आतली रंगांची आणि रक्तवाहिन्यांची रचना पाहता येते. पुष्कळदा त्यावरूनच कळते की तुकडा काढण्याची गरज नाही.

उपचार म्हणजे मुख्यतः कापून काढणे. भोवतालची चांगली कातडी थोडी घेऊन सारा व्रण काढतात, आणि कडा स्वच्छ आहेत की नाहीत हे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नाक, पापणी, ओठ अशा नाजूक जागी फार कातडी घालवून चालत नाही. त्यासाठी अमेरिकेतील फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० नंतरच्या दशकात एक रीत बसविली. थरामागून थर काढायचा, प्रत्येक थराचा तळ आणि कडा तपासायच्या, आणि जेथे रोग उरला असेल तेवढेच पुन्हा काढायचे. कमरेवर असा प्रश्न सहसा येत नाही. तेथे सैल कातडी भरपूर असते, दोन्ही कडा ओढून शिवता येतात, नाहीतर शेजारची कातडी फिरवून लावतात.

ही कातडी फिरवून लावण्याची विद्या तर आपल्या मुलखाची आहे. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांकडचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्यास एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापली गेली, आणि ती वाचून कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. नाकाच्या कर्करोगानंतर कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची रीत आजही चालू आहे. त्या पुण्याच्या कारागिराचे नाव कागदावर आले नाही. कावसजीचे आले, पाहणाऱ्यांचे आले.

रोग गाठींत गेला असेल तर त्या गाठीही काढतात आणि जरुरीप्रमाणे क्ष-किरणांचा उपचार देतात. फार पसरलेल्या कातडीच्या कर्करोगासाठी २०१८ साली अमेरिकेत सेमिप्लिमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. शरीराच्याच संरक्षक पेशींना त्याने जाग येते म्हणतात. किंमत विचारू नये अशी आहे. परंतु कमरेचा व्रण लहान असताना दाखविला तर यातले काहीच लागत नाही. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, बहुतेकदा एकच लहान शस्त्रक्रिया, आठ-दहा टाके, आणि नंतर काही वर्षे ठरल्या दिवशी तपासणी.

१९७४ साली आम्हाला मुंबईशिवाय गती नव्हती. आज आपल्याच तालुक्यात डेरवणला मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. चार आठवड्यांत न भरलेली जखम, कड टणक व उंच झालेली, हात लागताच रक्त येणारी, किंवा जुन्या काळ्या पट्ट्यावर उठलेली गाठ, यांपैकी काही असेल तर तेथे जायला सकाळची एस.टी. पुरे. डॉक्टर पुरुष असतील म्हणून थांबू नये. बरोबर सुनेला किंवा शेजारणीला घ्यावे. मी तर म्हणते, मंडळातल्या कोणालाही घ्या, मला घ्या.

आमच्या शिवणवर्गात गेल्या पावसाळ्यापासून परकराला बारीक नाडीऐवजी चार बोटे रुंद पट्टी लावतात आणि बाजूला दोन हुक. पहिला परकर मी शिवून घेतला. पहिले दोन दिवस साडी आता सुटते की मग सुटते असे वाटत राहिले. पण सुटली नाही. एक दिवस पट्टी जरा वर, एक दिवस जरा खाली, असे मी करते, आणि रात्री सैल गाऊन. पट्टा अजून आहे, खाज मात्र गेली. परवा वर्गातल्या एका काकूंनी विचारले, "काय गो, सैल नेसलीस तर पोट नाही का सुटणार?" मी म्हटले, "सुटेल की. सुटू दे." त्या हसल्या, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "उद्या दुपारी येशील का घरी? तुला काहीतरी दाखवायचे आहे."